ए-साडेतीन

बडोद्याच्या वाघोडिया रोडवर दात दाखवून हसणाऱ्या माणसांची अजिबात टंचाई नाही. फक्त ती सगळी बोर्डांवर असतात. खाली उमा चार रस्त्याच्या गर्दीत, डोक्यावर ऊन आणि मागच्याचा हॉर्न कानात घेऊन उभी असलेली जिवंत माणसं तोंड मिटून असतात. वर मात्र एक परदेशी बाई, तिचा परदेशी नवरा आणि त्यांचं चार-पाच वर्षांचं पोर अशी तिघं आपापली दंतपंक्ती उघडी टाकून वाघोडियाच्या दिशेनं बघत असतात. पोराला त्या वयात वीसच दात असायला हवेत, पण बोर्ड करणाऱ्यानं कंजूषपणा केलेला नाही. खाली 'स्माईल', 'डेंटल', 'कॉस्मेटिक', 'लेझर' आणि 'फ्री चेकअप' हे शब्द. पुढच्या बोर्डावर तेच शब्द, क्रम वेगळा.

मी वाघोडियाच्या जीआयडीसीत एका कारखान्याचे हिशेब बघतो, त्यामुळे हे हसू रोज जाता-येता अंगावर येतं. ते आपल्याला उद्देशून आहे असं मात्र भाचीच्या साखरपुड्यापर्यंत मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी फोटोग्राफर स्टेजवरच्या प्रत्येकाला "दांत बतावो, दांत बतावो" करत होता. माझी पाळी आल्यावर मीही बतावले. त्यानं कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि अतिशय आदरानं म्हणाला, "काका, तमे मों बंध राखो तो पण चालशे."

सबंध मंडपाला दात काढायला लावणाऱ्या माणसानं एकट्या मला तोंड मिटायला सांगावं, हे हिच्या जिव्हारी लागलं. माझ्या नाही, मी जेवायला गेलो. पण घरी आल्यावर बैठक बसली.

"मी कधीची म्हणतेय, दातांचं काहीतरी करा," ही म्हणाली. ती कधीच म्हणत नव्हती. तिचा आक्षेप आजवर माझ्या चहावर होता, सुपारीवर होता, घोरण्यावर होता. दातांचं खातं त्या दिवशी नव्यानं उघडलं.

"बाबा, स्माईल डिझाइन करून घ्या ना," मुलगी म्हणाली. "लग्नाच्या आत होईल. नवरात्रात गरब्याच्या फोटोंनाही उपयोगी पडेल."

मी गरबा खेळत नाही. कडेला उभा राहून चपला सांभाळतो. चपला सांभाळणाऱ्याच्या स्माईलला डिझाइन कशाला हवं, हा माझा मुद्दा कोणी कामकाजात घेतला नाही. आता डॉक्टर कुठला, एवढाच प्रश्न उरला होता. आपल्याकडे मिक्सर घ्यायचा तरी माणूस चार दुकानं फिरतो, झाकणं लावून बघतो, वॉरंटीचं कार्ड दोनदा वाचतो. दाताचा डॉक्टर मात्र तो मिक्सरच्या दुकानासमोर पार्किंग मिळालं आणि वर दवाखाना दिसला, म्हणून निवडतो.

पहिलं मत अर्थातच दांडिया बाजारच्या आत्याचं. "आपल्या मराठी डॉक्टरांकडेच जा. हात काय हलका! दाढ काढली ते मला घरी आल्यावर कळलं." हे कधीचं, असं विचारल्यावर तिनं हिशेब केला आणि माझ्या मुंजीच्या आसपासचा काळ निघाला. डॉक्टर आता नाहीत. त्यांचा मुलगा डॉक्टरच आहे, पण कॅनडात. बडोद्यात कुठल्याही चांगल्या माणसाचा तपास काढला की तो कॅनडात निघतो. "आणि ते पांढरे दात वगैरे खूळ सोड," आत्या पुढे म्हणाली. "आम्ही जन्मभर मशेरी लावली, नाहीतर माकडछाप काळी पावडर. काय झालं आमच्या दातांना?" हे ती कवळी वाटीत काढून ठेवता ठेवता म्हणाली.

खालच्या मजल्यावरचे पटेलभाई व्यवहारी. डॉक्टर कोण, याला त्यांच्या लेखी महत्त्व नाही. ओळखाण कोणाची, याला आहे. कॉस्मेटिक कामाचा भाव दातामागे असतो हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला, कारण जिथे नगावर भाव असतो तिथे घासाघीस करता येते. "उपरना छ करावी लो," त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नीचेना कोण जुए छे?" शिवाय सोसायटीतून आणखी पाच माणसं नेली तर घाऊक भाव मिळवून देण्याची त्यांची तयारी होती. छत्तीस दातांची ऑर्डर म्हटल्यावर कुठलाही डॉक्टर नमेल, असं त्यांचं गणित.

पण या विषयातले खरे अधिकारी म्हणजे माझे साडू. ते अलकापुरीत राहतात, आणि वाघोडिया रोडला राहणाऱ्या साडूला सल्ला देणं हे ते आपलं कर्तव्य मानतात. त्यांनी मागे एका नवरात्राआधी ब्लीचिंग करून घेतलं होतं. क्लिनिक निवडलं ते छताला टीव्ही होता म्हणून. आडवं पडल्या पडल्या मॅच दिसते. तासाभरात त्यांचे दात पांढरेशुभ्र झाले. एक सोडून. समोरच्या एका दाताला स्कूटरवरून पडल्यापासून कॅप होती, आणि ब्लीचिंगचं औषध नैसर्गिक दातावर काम करतं. कॅपवर आणि भरलेल्या सिमेंटवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. ही गोष्ट त्यांना कोणी आधी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा सचिन खेळत असावा. तोवर सगळ्या पिवळ्या दातांत ती कॅप कोणाला ओळखूही येत नव्हती. आता ती पांढऱ्या भातात राहून गेलेल्या साळीसारखी दिसायला लागली. मग साडूंनी खर्च करून कॅप बदलली, नव्या पांढऱ्या रंगाला जुळणारी. त्यानंतर काही महिन्यांत चहा, तंबाखू आणि काळ यांनी आपापलं काम केलं, ब्लीचिंग हळूहळू उतरलं, दात मूळ पदावर आले. कॅप पांढरीच राहिली. ती कॅप आता अंधारात आधी दिसते, मग साडू.

"पण काम एक नंबर आहे," साडू म्हणाले. "तू माझं नाव सांग. दहा टक्के कमी करतील."

इकडे ही मोबाइलवरचे घरगुती उपाय वाचत होती. लिंबू आणि खायचा सोडा. लाकडी कोळशाची पूड. केळ्याच्या सालीची आतली बाजू. यातली केळ्याची साल मी वापरून बघितली, कारण केळं तसंही खाल्लं होतं. लिंबाला मात्र समोरच्या विंगमधल्या मुलीनं मला हात लावू दिला नाही. तिची बीडीएसची शेवटची परीक्षा झालेली, इंटर्नशिप चालू. वाघोडिया तालुक्यात कापूस आणि तूर पिकते तसे डेंटिस्टही पिकतात. पिपरियाला दंतवैद्यकाचं कॉलेज आहे. त्यामुळे आमच्या बसला सकाळी जितकी माणसं कारखान्यात जाणारी तितकीच पांढऱ्या कोटातली.

"काका, लिंबाच्या आम्लानं इनॅमल झिजतं, आणि इनॅमल पुन्हा येत नाही," ती म्हणाली. "इनॅमलच्या खालचा थर मुळातच पिवळसर असतो. वरचा थर जितका झिजेल तितका खालचा जास्त दिसणार. म्हणजे तुम्ही लिंबू चोळून दात आणखी पिवळे कराल." कोळशाची पूड घासल्यानंही तेच होतं. नैसर्गिक दात पांढरा नसतोच, वयानं तो आणखी गडद होतो, आणि काही ठिकाणी पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं लहानपणीच त्यावर चट्टे पडलेले असतात, ते घासून कधीच जात नाहीत. एवढं सगळं तिनं लिफ्टमध्ये सांगितलं. आमची लिफ्ट हळू आहे.

"मग एखादा चांगला कॉस्मेटिक डेंटिस्ट सांग."

"काका, तशी वेगळी डिग्रीच नाहीये."

हे ऐकून मला खाली उतरायचं सुचेना. आपल्याकडे बीडीएस हे इंटर्नशिप धरून पाच वर्षांचं. त्यापुढे एमडीएस तीन वर्षांचं, नऊ विषयांपैकी एका विषयात. त्या नऊ विषयांत कॉस्मेटिक नावाचा विषय नाही. कॅप, व्हिनिअर म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ आवरण, आणि कवळी हा प्रोस्थोवाल्यांचा प्रांत; ब्लीचिंग, फिलिंग, रूट कॅनाल कॉन्झर्व्हेटिव्हवाल्यांचा; वाकडे दात सरळ करायला तारा किंवा अलाइनर हा ऑर्थोचा. चांगला बीडीएस डॉक्टरही यातलं बरंच काम उत्तम करतो. पण बोर्डावर 'कॉस्मेटिक डेंटिस्ट' लिहायला रंगाच्या डब्यापलीकडे काही लागत नाही. मी बोर्ड वाचून डॉक्टर निवडायला निघालो होतो आणि बोर्डावरच्या ज्या शब्दावर माझी सगळी मदार होती, तोच अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला.

तरी माझ्या मुलीनं मोबाइलवरच्या ताऱ्यांचा हिशेब लावून एका क्लिनिकची वेळ घेतलीच. तिथे सगळ्यांनी पाच तारे दिले होते. अभिप्राय मी वाचून काढले. एकाला एसी आवडला होता, एकीला रिसेप्शनवरची वागणूक, एकाला पार्किंग. दातांबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं.

गेलो. सोफा मऊ. कॉफी फुकट. दात काळे करण्याची आणि पांढरे करण्याची सोय एकाच छताखाली बघून माझ्यातला हिशेबनीस सुखावला. डॉक्टरांच्या आधी एक 'काउन्सेलर' भेटतात. या बाईंनी माझा फोटो काढला, टॅबलेटवर बोट फिरवलं आणि माझ्यापुढे एक हसरा माणूस धरला.

"हे कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच, काका. आफ्टर."

चेहरा माझा होता, केस माझे होते, म्हणजे नव्हते ते माझेच नव्हते, पण मधोमध कुठल्यातरी सिनेनटाचे दात बसवले होते. यात नवल नाही म्हणा. या सगळ्या प्रकरणाचं मूळ सिनेमातच आहे. १९२८ साली चार्ल्स पिंकस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या दंतवैद्यानं हॉलिवूडच्या नटांसाठी दातांवर चिकटवायचे पातळ मुखवटे केले. ते चित्रीकरणापुरते. कवळी चिकटवायची पावडर लावून बसवायचे आणि काम संपलं की काढायचे, कारण त्यांनी धड जेवता येत नसे. दाताला कायमचं चिकटवणं पुढे जमलं. १९५५ साली मायकल बुओनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावून ते खरखरीत केलं की पदार्थ घट्ट बसतो, हे दाखवलं. आजच्या व्हिनिअरची सगळी भिस्त त्या खरखरीवर आहे. नटांना निदान रात्री घरी जाऊन स्वतःचे दात परत मिळत होते. आमच्या पॅकेजमध्ये ती सोय नव्हती.

पॅकेजं तीन. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. नावं सराफाची, माल पोर्सेलीनचा. मी व्हिनिअर बसवायचे कसे ते विचारलं. पुढून इनॅमलचा पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर, कधी त्याहून कमी, तासून काढायचा.

"आणि हे टिकतं किती?"

"दहा-पंधरा वर्षं आरामात."

"मग?"

"मग नवीन लावायचे ना."

तासलेला दात उघडा ठेवता येत नाही. त्यामुळे एकदा सुरू केलं की पुढे लावत राहायचं. खातेवहीच्या भाषेत हा खर्च नसून वर्गणी आहे. ईएमआयची सोय होती. हप्ता चुकला तर वसुलीला येणारी माणसं नेमकं काय उचलून नेतील, हे मी विचारलं नाही. त्याऐवजी दुसरा एक प्रश्न विचारला, तो लिफ्टमध्ये शिकवलेला: "आणि मी यातलं काहीच केलं नाही तर काय होईल?"

बाईंनी टॅबलेटवर डावीकडे बोट फिरवलं, उजवीकडे फिरवलं. त्या प्रश्नाचं पानच नव्हतं. "डॉक्टर सांगतील," त्या म्हणाल्या. डॉक्टर कुठे आहेत? ते शनिवारी सुरतहून येतात.

शेवटी मी गेलो तो वाघोडिया गावातच, बाजारात, खतबियाण्याच्या दुकानाच्या वर असलेल्या दवाखान्यात. तो निवडला याचं कारण सांगतो: जिना चढताना पाटीवर डॉक्टरीणबाईंचं नाव, एमडीएस, कंसात विषय आणि स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक एवढंच होतं. परदेशी कुटुंब नव्हतं. बाकड्यावर बसलेल्या शेतकऱ्यांपैकी कोणीही हसत नव्हतं. आत अवजारांची पाकिटं माझ्यादेखत फोडली, म्हणजे ती ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक होऊन आलेली. टीव्ही नव्हता; छताला एक पाल होती, तिच्याकडे बघायचं.

बाईंनी आधी समोरच्या दातांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आरसा घालून मागे गेल्या, एक्स-रे काढला आणि खालच्या दाढेत लागलेली कीड दाखवली. इतके दिवस माझ्या तोंडाची एवढी चर्चा झाली, फोटो निघाले, पॅकेजं निघाली, पण दाखवायच्या दातांच्या गडबडीत खायच्या दातांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. "आधी कीड, मग किटण, मग रंग," बाईंनी क्रम लावून दिला. माझी तोंड उघडं ठेवूनच संमती घेतली गेली.

दाढ भरून झाली, किटण खरवडून झालं. घरी येऊन मी आरशासमोर दातांवरून जीभ फिरवली तर दातांच्या मध्ये फटी! ही म्हणाली, "झालं, दात हलवून ठेवले. म्हणून मी नको म्हणत होते." किटण चढून चढून त्या फटी बुजल्या होत्या आणि हिरड्या मागे सरल्या होत्या, किटण निघालं की जुनीच फट दिसते, दात त्यामुळे सैल होत नाही. हे मी तिला बाईंच्या शब्दांत समजावलं. तिला स्वतःचेच शब्द जास्त पटले.

मग रंगाची पाळी आली. बाईंनी एक पट्टी काढली, तिच्यावर ओळीनं खोटे दात टांगलेले. ही विटा नावाच्या जर्मन कंपनीची रंगपट्टी जगभर चालते. तिच्यात १६ छटा: ए तांबूस तपकिरी, बी तांबूस पिवळा, सी करडा, डी तांबूस करडा. प्रत्येक अक्षरापुढे नंबर, नंबर वाढेल तितका दात गडद. ए-एक, ए-दोन, ए-तीन आणि मग जर्मन माणसांना काय वाटलं कोण जाणे, एकदम ए-साडेतीन. बाईंनी एकेक दात माझ्या ओठाशी धरला, खिडकीच्या उजेडात मान वळवली आणि मदतनीस मुलीला म्हणाल्या, "लख, ए-साडातण."

मला भरून आलं. आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईत शहाणे साडेतीन. त्या मालिकेत आता माझा दात. जर्मनीतल्या कारखान्याला मराठी माणसाचा नंबर बरोबर ठाऊक होता.

"तुमच्या वयाला अगदी नॉर्मल आहे," बाई म्हणाल्या. "व्हिनिअरची काही गरज नाही. दात चांगले आहेत, तासायचे कशाला? फारच वाटत असेल तर ट्रे देते, घरी ब्लीचिंग करा. नाही केलंत तरी काही बिघडणार नाही."

हा निकाल घरी कोणालाच आवडला नाही. पैसे देणारा तयार असताना नको म्हणणाऱ्या डॉक्टरबद्दल आपल्याकडे पहिला संशय येतो तो तिच्या ज्ञानाचा. "प्रॅक्टिस चालत नसेल," साडू म्हणाले. प्रॅक्टिस चालत नसेल तर ती उलट हो म्हणेल, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ते म्हणाले, "मशीन नसेल."

शेवटी तडजोड म्हणून ट्रे. दातांच्या मापाचा पारदर्शक साचा, त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा थेंब थेंब जेल, आणि तो घालून रात्री झोपायचं. १९८९ साली हेवूड आणि हाइमन या दोन अमेरिकन दंतवैद्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली. आमच्या घरात तिचा सर्वांत मोठा लाभ हिला झाला. ट्रे तोंडात असताना मला बोलता येत नाही, आणि हिला हे पहिल्याच रात्री कळलं. लग्नापासूनचे बरेच तुंबलेले विषय त्या काळात मार्गी लागले.

दिवसा वेगळे हाल. थंड पाणी दातांना झोंबे, ते काही दिवसांत थांबतं असं बाईंनी आधीच बजावलं होतं. पण खाण्याचं पथ्य म्हणजे पांढरं खा. चहा नको, कॉफी नको, सुपारी नको, हळद नको. मराठी स्वयंपाकातून हळद काढून बघा म्हणजे आपण काय खातो ते कळतं. पांढरे पोहे, पांढरं वरण, पांढरी बटाट्याची भाजी. जेवायला आलेल्या आत्यानं ताटाकडे बघून हळूच विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का रे?" शेव-उसळीच्या गाडीवरून तर मी रस्ता बदलून जायचो, त्या लाल तर्रीत आठवडाभराची कमाई दोन घासांत बुडते.

अखेर पट्टी पुन्हा ओठाशी लागली. ए-दोन! दीड नंबरनं मी उजळलो होतो. घरात कोणाच्याही लक्षात आलं नाही. मुलीला वाटलं मी चष्मा बदलला. पटेलभाईंनी विचारलं, वजन घटवलं की काय. लक्षात आलं ते एकट्या साडूंच्या. त्यांनी माझ्या समोरच्या दातांकडे टक लावून पाहिलं, किती पैसे पडले ते विचारलं, आकडा ऐकला, आणि तेव्हापासून ते माझ्यासमोर तोंड मिटूनच हसतात.

तेव्हा नवरात्राआधी किंवा लग्नाआधी दात उजळायचा कोणाचा बेत असेल तर दोनच सूचना. ब्लीचिंग चालू असताना आणि नंतरचे एक-दोन दिवस हळद वर्ज्य असते, म्हणून हा उद्योग हळदीच्या पंधरा दिवस आधी उरकून घ्या. आणि समोरच्या एखाद्या दाताला कॅप असेल तर ते डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. ती बदलायचीच झाली तर ब्लीचिंग संपून रंग पक्का बसल्यावर, दोन आठवड्यांनी बदला. याबाबत माझ्या साडूंना विचारायला जाऊ नका, ते तुम्हाला दहा टक्के सूट मिळवून देतील.